वणव्याची वही

उन्हाळा लागला आणि चौसाळ्याभोवतीच्या बालाघाटाच्या माळांवर वणवा दिसला, की माझी मान खाली जाते. माझे वडील शेरडे राखतात. जुने गवत जाळले, की पावसाळ्यात कोवळे चांगले फुटते, असे ते मानतात. काडी त्यांनी कधी ओढली का, हे मी विचारलेले नाही. घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, उपदेश करू लागलो, तर ते म्हणतात, “तुझ्या पुस्तकात आपला माळ हाय का?”

पुस्तकात नाही, पण आकाशातून दिसतो. टेरा (१९९९) व ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील मोडिस उपकरण जमिनीवरची उष्णता टिपते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्याची सूचना देते. वर्षानुवर्षांचे ठिपके एका नकाशावर मांडले, की कोणता डोंगर कोणत्या महिन्यात पुन्हा पुन्हा जळतो, ते कळते.

परंतु मोडिसचा एक ठिपका म्हणजे एक किलोमीटरचा चौकोन. शिवाय उपग्रह ठरल्या वेळीच वरून जातो. मधल्या तासाभरात गवत जळून विझले, तर नोंद कुठली? काडी कोणी आणि का ओढली, हे तर त्याला मुळीच दिसत नाही.

म्हणून माझे मत असे, की गावोगावी आपण विद्यार्थ्यांनी वणव्याची वही ठेवावी. तारीख, वेळ, माळाचे नाव, आणि पावसाळ्यानंतर तेथे काय उगवले ते. जळलेला व न जळलेला माळ शेजारी शेजारी पाहिला, तर वडील माझे नाही, पण वहीचे ऐकतील. कदाचित मलाही त्यांचे थोडे ऐकावे लागेल. एरवी आमचे ज्ञान म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!