गरिबाची थुंकी फक्त काचपट्टीवरच का?

क्षयाच्या निदानासाठी गरीब देशांना सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे ऐकायला व्यवहारी वाटते. काचपट्टी स्वस्त, रंग स्वस्त, वीज गेली तरी आरशाने उजेड घेता येतो आणि एक तंत्रज्ञ तयार केला की आसपासच्या गावांचे काम भागते. मग महागड्या यंत्रांचा आग्रह कशाला?

सूक्ष्मदर्शकाचे उपकार नाकारायचे कारण नाही. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, तेव्हापासून याच काचेने असंख्य रुग्ण शोधले. पण एक मिलिलिटर थुंकीत साधारण दहा हजार जंतू असले, तरच ते काचपट्टीवर भरवशाने दिसतात. त्यामुळे जवळपास निम्मे रुग्ण निसटतात. त्यांत एचआयव्हीबाधित असतात आणि ज्यांना बेडका खाकरून काढताच येत नाही अशी लहान मुले असतात. औषधाला न जुमानणारा जंतू कोणता, हे तर काच सांगूच शकत नाही. ‘जंतू आढळले नाहीत’ असा कागद घेऊन माणूस घरी परततो, महिनोन्‌महिने खोकत राहतो आणि त्याच खोलीत झोपणाऱ्यांना आजार देतो. जी तपासणी निम्मे रुग्ण परत पाठवते, तिला स्वस्त म्हणणे हा हिशेबच चुकीचा आहे.

चांगली तपासणी नाही, असेही नाही. आपल्या सरकारी दवाखान्यांत जिला सीबीनॅट म्हणतात, त्या जीनएक्सपर्ट तपासणीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. जंतू आहे का आणि त्यावर रिफॅम्पिसिन हे क्षयाचे औषध चालेल का, ही दोन्ही उत्तरे ती दोन तासांच्या आत देते. तरीही २०२३ मध्ये जगभरात नव्याने निदान झालेल्यांपैकी फक्त ४८ टक्के लोकांची पहिली तपासणी अशा जलद पद्धतीने झाली. त्या वर्षी अंदाजे १ कोटी ८ लाख लोक आजारी पडले आणि ८२ लाखांचे निदान नोंदले गेले. उरलेले सुमारे २६ लाख निदानाविना राहिले किंवा नोंदीबाहेर राहिले. मृत्यू साडेबारा लाख.

यावर दुसरा आक्षेप येतो: जीनएक्सपर्ट बनवणाऱ्या कंपनीने संशोधनात पैसा घातला, तो किमतीतून वसूल होणारच. इथे आकडेच बोलतात. हे तंत्र उभे राहण्यात २५ कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा लागला आहे. २०१२ मध्ये देणगीदारांनी भर घातली तेव्हा एका तपासणीला लागणाऱ्या कार्ट्रिजची किंमत १६.८६ डॉलरवरून ९.९८ वर आली आणि तिथेच अकरा वर्षे थांबली. दरम्यान ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने २०१९ मध्ये उत्पादनखर्चाचा अभ्यास जाहीर केला, मोठ्या प्रमाणावर उत्पादन केल्यास तो पाच डॉलरच्या खाली बसतो, असे त्यात दिसले. संस्थेने दर उतरवण्यासाठी मोहीम उभारली, पुढे लेखक जॉन ग्रीन आणि त्यांचे वाचक तिच्यात उतरले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दर ७.९७ डॉलरवर आला. हा दर नफ्याशिवायचा आहे, असे त्या कंपनीची मालक असलेल्या डॅनहरने सांगितले. चांगली गोष्ट आहे. पण मग आधीची अकरा वर्षे जे देश जुना दर मोजत होते, त्यांच्या किती रुग्णांची तपासणी पैशाअभावी राहिली, याचा जाब कोणी द्यायचा?

बाजारावर सोडून दिले तर काय होते, ते भारताने भोगले आहे. क्षय ओळखण्यासाठी रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास विकल्या जात. त्यांचा निकाल विश्वासार्ह नसतो, म्हणून त्या वापरू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये बजावले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. तोवर लोकांनी निरुपयोगी कागदासाठी खिशातले पैसे मोजले होते.

यंत्र पोचवले म्हणजे काम झाले, हा समजही तितकाच पोकळ आहे. जीनएक्सपर्टला अखंड वीज लागते, थंड खोली लागते, दरवर्षी दुरुस्ती-तपासणी लागते. म्हणून ते मोठ्या रुग्णालयात बसते आणि रुग्णाला एक दिवसाची मजुरी बुडवून तिथवर जावे लागते. बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट गोव्यातल्या मोलबायो कंपनीने केले आणि २०२० मध्ये त्याचीही जागतिक शिफारस झाली. उन्हाळा आणि भारनियमन गृहीत धरून यंत्र बनवता येते, हे त्यातून दिसते.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की रुग्णच येत नाहीत. हे खरे आहे. भारतातल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठेच उपचाराला गेले नव्हते. पण याचा अर्थ त्यांना दोष द्यावा असा होत नाही. व्हिएतनामच्या का माऊ प्रांतात कर्मचारी घरोघरी गेले. लक्षणे न विचारता त्यांनी सलग तीन वर्षे प्रौढांची थुंकी जलद तपासणीने पाहिली. चौथ्या वर्षी तिथला क्षयाचा प्रादुर्भाव, ही मोहीम नसलेल्या वस्त्यांपेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होता. रुग्ण येत नसेल तर तपासणीने त्याच्याकडे जावे. त्याचा परिणाम मोजून सिद्ध झाला आहे.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी आरोग्यमदत थांबवली आणि अनेक देशांतल्या क्षय-तपासणीला फटका बसला. हा खर्च आता त्या त्या देशाच्या अंदाजपत्रकात यायला हवा: कार्ट्रिजचा, थुंकीची डबी केंद्रापर्यंत नेणाऱ्या माणसाचा आणि त्याच्या पेट्रोलचाही. आपल्याकडे सीबीनॅट आणि ट्रूनॅट या तपासण्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन ही तपासणी नावानिशी मागा आणि नुसत्या काचपट्टीच्या निकालावर परत येऊ नका.