बटाट्याच्या वाटीत पाणी आलं कुठून?

मागच्या रविवारी सकाळी सकाळी बेंगळुरूहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती नववीत आहे. चेहरा पडलेला. "मावशी, माझा प्रयोग फसला. बटाट्यात काहीच झालं नाही."

प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. सोललेल्या बटाट्याचे अर्धे भाग घ्यायचे, मधून कोरून त्यांच्या वाट्या करायच्या आणि पाणी घातलेल्या ताटलीत ठेवायच्या. एक वाटी रिकामी, दुसरीत चमचाभर साखर, तिसरीत चमचाभर मीठ. चौथी वाटी मात्र उकडलेल्या बटाट्याची, तिच्यातही साखर. दोन तासांनी बघायचं. साखर आणि मीठ घातलेल्या कच्च्या वाट्यांमध्ये पाणी साचलेलं दिसतं. रिकामी वाटी रिकामीच राहते आणि उकडलेल्या वाटीत पाणी चढत नाही.

भाचीच्या एकाही वाटीत पाणी साचलं नव्हतं. दोन-चार प्रश्न विचारल्यावर उलगडा झाला. ताईने बटाटेवड्यासाठी उकडून ठेवलेले बटाटे हिने चारही वाट्यांसाठी वापरले होते! म्हणजे प्रयोग फसला नव्हता. बटाट्याने अगदी बरोबर उत्तर दिलं होतं, प्रश्न विचारताना हिची गडबड झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी साहित्यात बी.ए. केलेल्या मुलीला बटाट्यात एवढा रस का? त्याचं कारण जरा पुढे सांगते. आधी पाण्याचं कोडं सोडवू.

बटाट्याच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. या पडद्यातून पाणी सहज आत-बाहेर करतं, साखरेला मात्र सहजासहजी वाट मिळत नाही. पडद्याच्या एका बाजूला पातळ द्रावण आणि दुसऱ्या बाजूला साखरेचं घट्ट द्रावण असेल, तर पाणी पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे जातं. साखर इकडे येऊ शकत नाही, म्हणून पाणी तिकडे जातं. यालाच पुस्तकात परासरण म्हणतात, इंग्रजी माध्यमातली मुलं ऑस्मोसिस म्हणतात. वाटीतली साखर बटाट्याच्या ओलाव्यात विरघळते, पेशींमधलं पाणी ओढून घेते आणि पेशी ताटलीतलं पाणी ओढून घेतात. उकडलेल्या बटाट्यात उष्णतेने हे पडदेच फाटलेले असतात. राखणदारच नाही, तर कसलं परासरण?

तुमच्या स्वयंपाकघरात हे रोज घडतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधीच घातलं, तर जेवायला बसेपर्यंत तिला पाणी सुटतं. रात्री भिजवलेले मनुके सकाळी टम्म फुगतात. तेच मनुके साखरेच्या घट्ट पाकात टाका, पुन्हा आकसतील. मोरावळा करताना आजी आवळे टोचून आधी वाफवून का घेते, हेही आता लक्षात येईल. कच्चा आवळा थेट घट्ट पाकात टाकला, तर पाक त्याचं पाणी ओढतो आणि आवळा सुरकुततो. वाफवल्यावर पडदे सैल होतात आणि गोडी आत शिरते. शिवाय तोच घट्ट पाक जंतूंमधलंही पाणी ओढून घेतो, म्हणून मोरावळा वर्षभर टिकतो. परासरण हा शब्द न ऐकलेल्या आज्यांना हे सगळं पाठ होतं!

आता माझं कारण. मी शाळेत असताना हाच प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत झाला. चाळीस मुलं, एक टेबल आणि मी शेवटच्या रांगेत. बटाटा मला दिसलाच नाही. बाईंनी फळ्यावर निष्कर्ष लिहिला, मी तो जर्नलमध्ये उतरवला, सही मिळाली, मार्क मिळाले. विषय संपला.

तो संपला नव्हता, हे दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कळलं. घरी पाहुणे आले होते. मामेबहिणीच्या अडीच वर्षांच्या मुलाला जुलाब सुरू झाले. साखर-मीठ-पाणी द्यायचं, एवढं मला माहीत होतं. मी पेलाभर पाण्यात चार मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घातलं. साखर जास्त असली की ताकद येईल, असा माझा हिशोब. पोराने गोड पाणी आवडीने प्यायलं. संध्याकाळपर्यंत जुलाब वाढले. रडताना त्याच्या डोळ्यांत पाणी येईना, तेव्हा आम्ही त्याला उचलून दवाखान्यात धावलो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "पाण्यात साखर किती घातली होती?" मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "इतकं गोड पाणी आतड्यात गेलं, की ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं. मग जुलाब आणखी वाढतात."

मला थेट तो न पाहिलेला बटाटा आठवला. साखरेची वाटी मीच भरली होती, फक्त ती एका लहान मुलाच्या पोटात होती. सुदैवाने वेळेवर उपचार मिळाले आणि तो बरा झाला. पण जर्नलमध्ये उतरवलेलं आणि डोक्यात उतरलेलं यातला फरक मला त्या रात्री कळला.

मग ओआरएसमध्ये साखर असतेच कशाला? कारण मोजून घातलेली साखर नेमकं उलट काम करते. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही शरीरात शिरतं. जुलाबातही हे दार बहुधा चालू राहतं. या माहितीची ताकद 1971 मध्ये दिसली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडू लागलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असं मोजून केलेलं पाणी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजायला होते रुग्णांचे नातेवाईकच. त्या द्रावणावर मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

पुढे हे प्रमाण आणखी सुधारलं. 2002 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे साखर आणखी कमी केली गेली. कारण तेच, आपला बटाटा!

म्हणून एवढं नक्की लक्षात ठेवा:

• घरात ओआरएसची पाकिटं असू द्या. पाकिटावर लिहिलेल्या पाण्यात अख्खं पाकीट एकदम विरघळवा. अर्धं पाकीट, अंदाजाने पाणी, वरून साखर, असं काही करू नका. केलेलं द्रावण 24 तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या.

• पाकीट नसेल, तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. शीग लावू नका.

• थोडं थोडं, घोट घोट पाजा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध थांबवू नका.

• थंड पेयं आणि पॅकबंद गोड रस म्हणजे ओआरएस नव्हे.

• मूल मलूल झालं, पाणी पीत नसेल, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडलं, तर घरी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

आणि हो, या सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन दोन बटाटे कोराच. एक कच्चा, एक उकडलेला. दोन तासांनी काय दिसेल ते आधी सांगू नका, त्यांचं त्यांना बघू द्या. आमच्या भाचीने परवा प्रयोग पुन्हा केला, यावेळी कच्च्या बटाट्यांवर. फसलेला प्रयोगही तिने वहीत लिहिला आणि खाली टीप जोडली: "बटाटे आईला विचारून घ्यावेत."

भेटू पुढच्या वेळी!