पिल्लांचा वाटा

माझा नातू मला ‘पुराणमतवादी’ म्हणतो. तो शिवी म्हणून म्हणतो, मी बिरूद म्हणून घेतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर व्यवस्थापकाची नोकरी केली, आता दांडीला गावच्या घरी राहतो. मला कर्जाची भीती वाटते, फुकट वाटपाचा राग येतो आणि मागच्यांनी घातलेला नियम मोडण्याआधी तो का घातला होता, हे विचारावंसं वाटतं. माझं राजकारण एवढंच.

ते मी किनाऱ्यावर शिकलो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पावसात मासा अंडी घालतो, त्याला घालू द्यायची. ६१ दिवस घरात पैसा येत नाही, तरी बोटी ओढून ठेवायच्या. २०२३मध्ये पापलेट राज्य मासा झाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरली. पापलेटची १३५ मिलिमीटर. त्याहून लहान धरायचा नाही, कारण तो पुढच्यांचा वाटा आहे. सगळे पाळतात असं नाही, पण नियमात अक्कल आहे.

आता राज्याचा कारभार बघा. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटी रुपये, म्हणजे माणशी सत्तर हजारांच्या आसपास. महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. बोट बांधायला कर्ज काढावं, ती मुलगाही चालवतो. डिझेलला आणि जेवणाला काढलं, तर मुलाच्या हाती फक्त हप्ता उरतो. महसुली तूट भरायला काढलेलं कर्ज हे असं दुसऱ्या प्रकारचं.

लाडकी बहीण योजनेला याच अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी. आमच्याकडे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या बाईला महिन्याचे १५०० रुपये थोडे नाहीत. तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो लिलाव मांडणाऱ्यांवर. २०२४च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी १५००चे २१०० करू म्हटलं, विरोधकांनी ३००० सांगितले. बोली चढत गेली, आणि हप्ता पडणार तो अजून मतदार यादीत नाव नसलेल्या पोरांवर.

परंपरेचा जयघोष करणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्याला पर्यावरणाचं संरक्षण दिलं. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्या प्राधिकरणाने १९९८मध्ये वाढवण बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारी गेल्यानंतर, २०२३मध्ये परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये ७६ हजार कोटींच्या बंदराचं भूमिपूजन झालं. समुद्र तोच, मासा तोच. मग बदललं काय?

नोकऱ्या येतील, हे मला कुणी शिकवू नये. माझं घर कारखान्याच्या पगारावरच उभं आहे. म्हणूनच किंमतही ठाऊक आहे. कारखान्यांचं सांडपाणी शेजारच्या नवापूरहून समुद्रात जातं. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादापुढे जावं लागलं. पगार आमच्या पिढीने घेतला, भरपाई मागायची वेळ पुढच्यांवर आली. मी खुर्चीत होतो तेव्हा गप्प बसलो. माझ्या नातवाने माझ्यावर खरा आरोप करायचा असेल, तर तो हा करावा.

राखणं जमत नसेल, तर कुणी स्वतःला परंपरेचा पाईक म्हणवू नये. आणि तुम्ही तरुणांनी, मला म्हातारा म्हणून हसा हवं तर, पण पुढच्या सभेत उमेदवाराला ‘आम्हाला काय देणार’ असं विचारू नका. ‘आमच्या पोरांसाठी काय शिल्लक ठेवणार’ असं विचारा. उत्तर रुपयांत आलं, तर समजा, पिल्लं जाळ्यात चालली आहेत.