कोअरच्या आकड्यांची भूल

कोअर वाढवत न्या, वेग आपोआप वाढेल. वाढला नाही तर दोष प्रोग्रामरच्या आळसाचा. हे मत हल्ली इतक्या ठाम सुरात मांडलं जातं, की ऐकणाऱ्याला शंका घ्यायचीही लाज वाटावी. या मताचे एक पुरस्कर्ते परवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर बोलत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एका कोअरची गती गोठली, आता ती वाढणार नाही. ट्रान्झिस्टर मात्र मिळतच राहणार. तेव्हा त्यांचे कोअर करा, प्रत्येक कोअरवर दोन थ्रेड चालवा, म्हणजे काम दुप्पट. उद्याचा लॅपटॉप शेकडो कोअरचा असेल. मुलांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मला राग आला तो त्याचाच.

गोठलं ते घड्याळ, म्हणजे कोअरचे सेकंदाला पडणारे ठोके; कोअर नव्हे. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ आणि त्याच्यामागून येऊ घातलेला तेजस प्रोसेसर, दोन्ही गुंडाळले, कारण उष्णता आवरेना. त्यानंतर घड्याळाची वाढ मंदावली हे खरं. पण एका ठोक्यात कोअर किती काम उरकतो, हे माप तेव्हापासून पिढीगणिक वाढतच आलं आहे. ही वाढ व्याख्यानातून साफ वगळायची आणि मग दुसरा मार्गच नाही म्हणायचं, ही चलाखी झाली.

दुप्पट थ्रेडचं उत्तर तर एका ओळीत संपतं: एका कोअरवर दोन थ्रेड चालवणारं हायपर-थ्रेडिंग आणताना २००२ साली खुद्द इंटेलनेच ३० टक्क्यांपर्यंत फायद्याची भाषा केली होती, दुपटीची नव्हे, आणि २०२४ मध्ये लॅपटॉप-डेस्कटॉपच्या नव्या चिपांमधून त्याच कंपनीने ते काढूनही टाकलं.

अ‍ॅमडाहलचा नियम १९६७ पासून सर्वांना पाठ आहे: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच एकूण वेगाला मर्यादा घालतो; तो लावून बघायचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. कामाचा ९५ टक्के भाग वाटून देता येतो असं धरा. ६४ कोअरवर ते सुमारे १५ पट वेगाने होतं, १९२ कोअरवर सुमारे १८ पट. कोअर तिप्पट, पदरात पडलं ते जेमतेम १८ टक्के जास्त. आणि ९५ टक्के वाटता येणारं काम सामान्य माणसाच्या लॅपटॉपवर कितीसं असतं?

पण माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. कोअर मोजणारे मेमरी मोजत नाहीत. २००५ साली एएमडीचा दोन कोअरचा अ‍ॅथलॉन आला, तेव्हा त्याला मेमरीचे दोन चॅनेल होते, प्रत्येकी सेकंदाला ३.२ गिगाबाइटचे. म्हणजे दर कोअरमागे ३.२. आता २०२४ मधला त्याच कंपनीचा १९२ कोअरचा एपिक घ्या. चॅनेल १२, एकूण वहन सेकंदाला साधारण ६०० गिगाबाइट. भागाकार करा: दर कोअरमागे तीन-सव्वातीन. जवळजवळ वीस वर्षं गेली, कोअर स्वतः कितीतरी पट ताकदवान झाला, त्याची भूक वाढली, आणि त्याच्या वाट्याचा पुरवठा जिथल्या तिथे. एका चॅनेलवर सोळा कोअर, म्हणजे एका नळावर सोळा बिऱ्हाडं, आणि आमचे व्याख्याते नव्या बिऱ्हाडांचं स्वागत करताहेत! शिवाय हा झाला ओघाचा हिशोब, उशिराचा वेगळाच. मेमरीकडून एक आकडा यायला १०० नॅनोसेकंद लागले, तर ४ गिगाहर्ट्‌झच्या कोअरचे तेवढ्यात ४०० ठोके वाया जातात.

हे कोअर एकमेकांच्या पायात कसे येतात, ते जवळून बघण्यासारखं आहे. दोन थ्रेड घ्या. दोघांना आपापला मोजणी-आकडा द्या आणि तो कोट्यवधी वेळा एकने वाढवायला सांगा. आकडे वेगळे, कोणी कोणाला शिवत नाही. तरीही हा प्रोग्राम दोन कोअरवर एका कोअरपेक्षा हळू चालू शकतो. कारण दोन्ही आकडे मेमरीत शेजारी-शेजारी, ६४ बाइटांच्या एकाच कॅश-लाइनवर बसलेले असतात; कॅश म्हणजे कोअरजवळची छोटी, जलद मेमरी, आणि ती मुख्य मेमरीची प्रत अशा लाइनींनीच ठेवते. एका कोअरने लिहिलं की दुसऱ्याकडची प्रत बाद होते. ती अख्खी लाइन या कोअरकडून त्या कोअरकडे हेलपाटे घालत राहते. दोन आकड्यांमध्ये पुरेशी जागा मोकळी सोडली की तोच प्रोग्राम पळू लागतो. यात आळशी कोण? ज्या मुलांना कॅश-लाइन कोणी शिकवलीच नाही, त्यांना आळशी ठरवणं हा अन्याय आहे.

मोठमोठे आकडे नाचवण्याची ही हौस नवी नाही. २००० च्या सुमारास हाच वर्ग दहा गिगाहर्ट्‌झची स्वप्नं विकत होता; शंका घेणाऱ्याला तेव्हाही मागासलेला म्हणत. समांतर गणना कुठे चालते आणि कुठे नाही, हे तर पुण्याला चांगलं ठाऊक आहे. १९९१ साली इथे परम ८००० हा महासंगणक उभा राहिला तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांच्या जाळ्यावर: प्रत्येकाला स्वतःची मेमरी, आणि आपसांत निरोपांची देवघेव. हवामान किंवा द्रवगतिकीची गणितं त्यावर बसत, कारण ती मुळातच तुकड्यांत विभागता येतात. प्रत्येक गणित तसं नसतं, हे तेव्हाच्या वादांतही पुन्हा पुन्हा सांगून झालं होतं. आज हजारो गिऱ्हाइकांच्या स्वतंत्र विनंत्या झेलणाऱ्या सर्व्हरला १९२ कोअर जरूर द्यावेत. त्या उदाहरणावरून लॅपटॉपचं भविष्य काढू नये.

मग पुढे काय? माझ्या मते प्रोसेसरचं भविष्य मेमरी कोअरच्या जवळ नेण्यात आहे. २०२२ मध्ये एएमडीने आठच कोअरच्या रायझनवर जास्तीची कॅश चढवली आणि ती ३२ वरून ९६ मेगाबाइट केली. घड्याळ उलट थोडं उतरवावं लागलं, तरी अनेक खेळांमध्ये तो त्याच पिढीतल्या १२ कोअरच्या भावंडालाही मागे टाकून गेला. अ‍ॅपलने २०२० च्या एम१ मध्ये चार मोठे आणि चार लहान कोअर ठेवले, आणि मेमरी त्याच पॅकेजात बसवली. थोडे तगडे कोअर, सोबतीला काही काटकसरी कोअर, आणि दोघांच्या हाताशी भरपूर मेमरी: ही वाट मला पटते. ती स्वस्त नाही. कॅशचे पेशी-आकार आता पूर्वीसारखे आक्रसत नाहीत, त्यामुळे चिपांवर चिपा रचाव्या लागतील आणि त्यांची उष्णता बाहेर काढावी लागेल. पण संशोधनाचा पैसा आणि हुशार मुलांची वर्षं तिथेच लागायला हवीत. आणि अभ्यासक्रमात थ्रेड कसा सुरू करायचा याच्या आधी, डेटा मेमरीत कसा मांडायचा हे यायला हवं.