सहावे कूळ आणि आपले बचत गट

सोमालिया म्हटले की आपल्याला दुष्काळ, बंदुका आणि समुद्री चाचे एवढेच आठवते. तिथल्या बायकांनी काय केले हे आपल्यापर्यंत फारसे पोचत नाही. जातीच्या प्रश्नावर डोके फोडून घेणाऱ्या आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते समजून घेण्यासारखे आहे.

सोमाली लोकांची भाषा एक, धर्म एक. तरीही १९९१ साली सियाद बारेची हुकूमशाही कोसळली आणि देश कुळाकुळांत फाटला. कोण कोणत्या कुळातला यावर माणसाचे जगणे-मरणे ठरू लागले. २००० साली शेजारच्या जिबूतीमध्ये आर्ता या गावी मोठी शांतता परिषद भरली. तिथे जागा वाटायचे सूत्र ठरले 'साडेचार'. म्हणजे चार मोठ्या कुळांना समान वाटा आणि उरलेल्या सगळ्या लहान समूहांना मिळून अर्धा. या हिशेबात बाई कुठेच नव्हती. कारण तिचे कूळ कोणते? जन्मली एका कुळात, लग्न दुसऱ्या कुळात. माहेर म्हणते, ती आता त्यांची. सासर म्हणते, ती मूळची त्यांची. दोन्हीकडचे मेले तर रडायचे तिने, आणि वाटाघाटीच्या सतरंजीवर तिला जागा नाही.

आशा हाजी एल्मी आणि त्यांच्या मैत्रिणींनी यावर उत्तर काढले. वेगवेगळ्या कुळांतल्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी जाहीर केले की आम्ही सहावे कूळ. चार मोठी, पाचवे अल्पसंख्य समूहांचे आणि सहावे बायकांचे. त्या परिषदेतून जी संसद निघाली तिच्या २४५ जागांपैकी २५ बायकांसाठी ठेवल्या गेल्या.

आता कोणी म्हणेल, कुठे सोमालिया आणि कुठे भंडारा जिल्हा! आपल्याकडे राज्यघटना आहे, निवडणुका आहेत, कोर्ट आहे. खरे आहे. पण घटना स्वीकारली जाण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी घटना समितीत जो इशारा दिला तो हाच होता. हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे होणार? जाती या राष्ट्रविरोधी आहेत, आणि बंधुभाव नसेल तर समता व स्वातंत्र्य वरवरचा रंग ठरतील. पुढे १९५४ साली ते आपल्याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब पडले. देशाला घटना देणाऱ्या माणसाला या मातीने निवडून दिले नाही, हे आपण भंडारेकरांनी विसरू नये.

आणि याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि मुलगे सुधीर व रोशन यांची गावातल्या जमावाने हत्या केली. शेतातून रस्ता काढण्याचा जुना वाद होता, आणि एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाबाईंनी साक्षीचे धैर्य दाखवले होते. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली हायकोर्टाने फाशीच्या जागी २५ वर्षांची कैद केली. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली दोन्ही कोर्टांनी कोणालाही दोषी धरले नाही. जणू जातीचा तिथे संबंधच नव्हता! सत्यशोधन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, जी आपल्या चळवळीच्या गळ्याखाली उतरत नाही: त्या जमावात बायकाही होत्या.

म्हणून 'बाई ही बाईची मैत्रीण' एवढ्या घोषणेवर सहावे कूळ उभे राहणार नाही. आपली अडचण सोमाली बायकांपेक्षा अधिक अवघड आहे. तिथे लग्न कुळाबाहेर होते, त्यामुळे प्रत्येक बाईचे रक्ताचे नाते दोन कुळांत असते. युद्धातही निरोप घेऊन पलीकडे जाऊ शकणारी तीच. आपल्याकडे लग्न जातीतच. बाईचे माहेरही त्याच जातीचे, सासरही त्याच जातीचे. पलीकडच्या मोहल्ल्यात तिची मावशी नाही, नणंद नाही, लेक दिलेली नाही. बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात मांडले होते की जातीचे सार जातीतल्या जातीत लग्नात आहे, आणि ती भिंत टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे सारे बाईवर लादले गेले. म्हणजे जातीची वेस आपल्या देहावरून आखलेली आहे. जातीच्या पंचात आपण नसतो, पण जातीची अब्रू मात्र आपल्याच पदराला बांधलेली! २०१३ साली नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर लेकीचा बापानेच जीव घेतला, तो याच अब्रूपायी.

मी पवनी तालुक्यातल्या आसगावात राहून आजूबाजूच्या गावांत बचत गटांचे काम करते. पावसाळ्यात कुणबी, तेली, ढिवर, गोंड, बौद्ध अशा साऱ्या घरच्या बायका एकाच बांधीत वाकून धानाची रोवणी करतात. एकीचे पोर रडले तर दुसरी उचलते. संध्याकाळी मात्र गटाची बैठक ज्याच्या त्याच्या मोहल्ल्यात. कागदावर गावात आठ-दहा गट असतात आणि प्रत्यक्षात प्रत्येक गटाला जात असते. संक्रांतीचे हळदीकुंकू तर विचारूच नका. तिथे जातही आडवी येते आणि नवरा नसलेली बाईही उंबऱ्याबाहेर राहते.

हे आपोआप घडत नाही. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला शिकवले गेले आणि बँकाही तेच सांगतात, की गट एकसारख्या परिस्थितीतल्या बायकांचा असावा, म्हणजे भांडण होत नाही आणि वसुली चांगली राहते. हिशेबाच्या दृष्टीने यात तथ्य आहे. एका वस्तीत राहणाऱ्या बायकांना रात्री आठ वाजता जमणे सोपे जाते. पण 'एकसारखी परिस्थिती' याचा अर्थ गावात 'एकच जात' असा होतो, आणि मग आपण बायकांना एकत्र करतो ते जातीच्या खोक्यात घालून. कर्ज फिटते, खोके तसेच राहते. वेळ आली की तोच गट जातीच्या सभेला सतरंजी अंथरतो.

इथे एक रास्त आक्षेप आहे आणि तो दलित मैत्रिणींचाच आहे. 'सगळ्या बायका एक' म्हणत चळवळीने आमचे वेगळे दुःख पुसले, असे त्यांनी १९९० च्या दशकात ठणकावून सांगितले आणि १९९५ साली राष्ट्रीय पातळीवर आपला महासंघ उभारला. मिश्र गट केला की अध्यक्ष सवर्ण, सचिव सवर्ण आणि चहाचे कप विसळायला आमची बाई, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. म्हणून दलित, आदिवासी बायकांचे स्वतंत्र गट मोडा असे मी मुळीच म्हणत नाही. आपले बोलणे आपल्यात पक्के करायला स्वतःची जागा लागतेच. माझे म्हणणे असे की गट वस्तीचा राहू द्या, पण गावाच्या पातळीवरचा संघ जातीच्या पलीकडचा हवा, आणि त्याचे नेतृत्व सर्वांत खालच्या पायरीवरच्या बाईपासून सुरू व्हायला हवे. तिच्या घरी बैठक, तिच्या घरचा चहा, तिच्या हाती सही आणि शिक्का. हे जिथे जमत नाही तिथे एकी झालेली नाही, असे सरळ समजावे.

यासाठी नवा कायदा मागायची गरज नाही. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरवरच होते, घरोघर सह्या गोळा करून. ती खरोखर भरवा. पाण्याची पाळी, स्मशानाचा रस्ता, दारूचा गुत्ता, घरकुलाची यादी, हे विषय सर्व वस्त्यांच्या बायकांनी एकत्र मांडले तर ते आपले सहावे कूळ. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण तक्रार करायला निघालेल्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात कोण जाते, यावर तो कायदा जिवंत की मेलेला हे ठरते. तिच्याच जातीच्या बायकांना जाता येत नाही, त्यांनाही बहिष्काराची भीती. दुसऱ्या जातीच्या बायकांनाच ते अधिक सोपे आहे. गावसंघाचा खरा उपयोग इथे आहे.

सोमाली बायकांच्या अनुभवातला दुसरा धडाही घ्यायला हवा. सहावे कूळ झाले, जागा मिळाल्या, पण २०२१-२२ च्या निवडणुकीतही तिथल्या जागा कुळांच्याच हिशेबाने वाटल्या गेल्या. आपल्याकडेही बाई सरपंच होते आणि पॅनल जातीचे राहते. नुसती खुर्ची मिळाल्याने भिंत पडत नाही. भिंत लग्नात आहे, आणि जातीबाहेर लग्न करून आलेली पोरगी आपल्या दाराशी उभी राहते तेव्हा आपली परीक्षा असते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या तिमाहीत प्रत्येक संघटनेने आपल्या गटांची यादी समोर घेऊन बसावे. कोणत्या गटात कोणत्या वस्तीच्या बायका आहेत, सही कोणाच्या हाती आहे, बैठक कोणाच्या घरी होते, हे लिहून काढावे. आणि शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारावा: उद्या आपल्या गावात जातीबाहेर लग्न केलेले एखादे जोडपे रात्री आसरा मागत आले, तर आपल्या गटातल्या किती घरांची कडी उघडेल? त्या घरांपासून कामाला सुरुवात करता येईल.