रंगीत सायकलीची कैफियत

दुधनीला डोंगर नाही. सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीशी बसून पाहिले, तर अक्कलकोट रोड मागे पडल्यापासून आमचे स्टेशन येईपर्यंत काळ्या रानाखेरीज नजरेला अडविणारे फारसे काही भेटत नाही. अशा गावच्या माणसाने डोंगरात चालवावयाच्या सायकलीवर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु डोंगराची ओढ सपाटीवरच्या माणसालाच अधिक असते. कोजागिरीला सोलापूरहून रात्रभर पायी चालत, शेवटचा घाट चढून तुळजापूरला भवानीच्या दारी जाणारी माणसे कुठली असतात? सारी आमच्यासारखी सपाटीवरचीच.

वादाचे मूळ असे. पुण्यास नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने यंदा दिवाळीला नवी सायकल घ्यावयाचे ठरविले आहे. ‘ग्रॅव्हल बाइक’ असे त्या जातीचे नाव. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर रुंद. डांबरी सडकेवर धावावी आणि खडीच्या, मुरुमाच्या वाटेवरही अडू नये अशी तिची रचना. तिचे चित्र त्याने घरी पाठविले. सांगाडा कार्बनचा, रंग पुढे केशरी आणि मागे जात जात जांभळा, किंमत अडीच लाख रुपये. चित्र पाहताच घरात दोन पक्ष पडले. आमचे थोरले बंधू अण्णा म्हणाले, “हा काय बँडवाल्याचा पोशाख! सायकल कशी काळी असावी.” पुतण्याचे मित्र म्हणाले, “काका, रंग बाजूला ठेवा, कार्बन आहे ना? मग विचारूच नका.” माझे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे.

प्रथम अण्णांच्या पक्षाचा समाचार घेतो. रंगीत वस्तू म्हणजे उथळ आणि काळी-करडी म्हणजे भारदस्त, हा समज आमच्या मुलखात कोणी आणला हे मला कळत नाही. ज्येष्ठात कारहुणवी येते, तेव्हा आम्ही बैलांची शिंगे रंगवितो, अंगावर झुली घालतो, गावातून मिरवितो. शिंग रंगविले म्हणून बैल नांगराला कमी ओढतो, असे आजवर एकाही शेतकऱ्याने म्हटलेले नाही. सोलापूरच्या चादरीवर नक्षी असते म्हणून तिची ऊब कमी होत नाही. मग सायकलीनेच काय पाप केले?

आणि काळ्या सायकलीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्यांनी आपली जुनी सायकल आठवावी. हँडलच्या दोन्ही मुठींना रंगीत गोंडे, हबला फिरताना आपोआप पुसणारी झुपकेदार रंगीत कडी, सीटला झालरीचे कव्हर, आणि खंडेनवमीला वर झेंडूची माळ! कारखान्याने काळी पाठविली ती आम्ही घरी आणून रंगीत केली. आता कारखानाच रंगवून देतो, तर आम्हाला शिष्टाचार आठवतो.

रंगाला उपयोगही आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटात धुके उतरले की पंचवीस पावलांवरचे माणूस दिसत नाही. वळणावर मागून ट्रक येत असताना केशरी सांगाडा काळ्यापेक्षा आधी नजरेत भरतो. दिव्याची जागा तो घेणार नाही. पण दिव्याच्या जोडीला तो असावा. शिवाय कार्बनचे तंतू ज्या राळेत बसविलेले असतात तिला कडक ऊन मानवत नाही. वरचा रंग आणि रोगण तिची छत्री होतात. वजन म्हणाल तर साऱ्या रंगाचे मिळून शंभर-दोनशे ग्रॅम. पाण्याच्या बाटलीतले चार-सहा घोट. तेवढ्यासाठी आयुष्यभर करडी सायकल चालविण्याची शिक्षा कोणी कोणाला देऊ नये.

खरे कारण वेगळे आहे, आणि ते बोलून टाकलेले बरे. आमच्या मनात सायकल ही गरजूची वस्तू आहे. गरजूने नम्र दिसावे, अशी आमची अपेक्षा असते. मोटारसायकल लालभडक चालते, मोटार निळी चालते. सायकल मात्र काळी हवी, कारण तिने मान खाली घालून चालावे! नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या चमूने पुरी करून आले. त्यानंतरही ज्यांना सायकल म्हणजे पेट्रोल न परवडल्याचा दाखला वाटतो, त्यांच्याशी रंगावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता दुसरा पक्ष. हा अधिक घातक, कारण तो शास्त्राची भाषा बोलतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलीच्या दुकानाने झाली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्यांची समजूत होती. आज आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. परंतु नव्या पदार्थाला न तपासता भिणे आणि नव्या पदार्थाला न तपासता नमस्कार करणे, यांत मला फरक दिसत नाही. कार्बनचे नाव काढताच हात जोडणारी आजची पिढी त्याच शेतकऱ्यांची नातवंडे आहेत. फक्त तोंड दुसरीकडे वळले आहे.

कार्बनचे गुण मी नाकारत नाही. तो हलका आहे, ताठ आहे, हवा तसा आकार घेतो. १९८६ साली ग्रेग लेमाँडने ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत कार्बनच्या सांगाड्यावर जिंकली, आणि आज तिथे दुसरे काही दिसत नाही. पण शर्यतीतल्या स्वाराच्या मागे मोटार असते, मोटारीत दुसरी सायकल असते, आणि बिल दुसराच कोणी भरतो. आमच्या पोराच्या मागे कोण आहे?

हिशेब करून पाहू. चांगल्या कार्बनचा सांगाडा साधारण एक किलोचा, पोलादाचा सव्वादोन किलोचा. फरक सव्वा किलो. स्वार, सायकल, पाणी, पिशवी मिळून नव्वद किलो धरले तर हा फरक शंभरात सव्वाहून थोडा अधिक. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठावयाचे म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर आणि तेराशे मीटरच्या आसपास चढण. साधा स्वार याला साडेतीन तास घेईल. त्यात कार्बनने वाचतील ती तीन मिनिटेही नाहीत! एवढी तर वाटेत चहाच्या टपरीवर सुट्या पैशांच्या घोळात जातात.

आता गिअरचा हिशेब. पुतण्याने पसंत केलेल्या सायकलीला पुढे ४२ दात्यांची एकच चकती आहे, मागची सर्वांत मोठी ३६ दात्यांची. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर पुढे जाणार. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर ताशी नऊ किलोमीटर. आठ टक्के चढावर हा वेग तासन्‌तास राखणे कसलेल्या स्वाराचे काम आहे. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्याचे नव्हे. तेच पुढे ३० दात्यांची लहान चकती आणि मागे ३६ असती, तर एका फेरीत जेमतेम पावणेदोन मीटर चाल पडते. वेग कमी होतो खरा, पण प्रत्येक फेरीला गुडघ्यावर येणारा भार शंभरात अठ्ठावीसने उतरतो. कार्बन देतो सव्वा, गिअर देतो अठ्ठावीस. पैसे कशावर घालावेत हे सांगावयास शास्त्रज्ञ हवा काय?

यावर मित्रमंडळी म्हणतात, “लहान गिअर म्हाताऱ्यांचे, काका!” हा युक्तिवादही नवा नाही. ‘टूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांचे मतही असेच होते, की बदलते गिअर वय झालेल्यांना ठीक. डिरेलर गिअरला त्या शर्यतीत १९३७ साली परवानगी मिळाली, आणि पुढे कोणी मागे वळून पाहिले नाही. तीच शर्यत १९१० साली पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच खिंडींत शिरली, तेव्हा तिथले रस्ते मातीखडीचे होते आणि सायकली पोलादाच्या. आज ज्याला ‘ग्रॅव्हल’ म्हणून नवे नाव दिले, ते त्या काळचे नित्याचे जिणे होते.

मोडतोडीचे बोलावयाचे तर पोलाद वाकते, पोचते, आणि आपण वाकल्याचे सांगते. वेल्डिंगवाला गावोगाव आहे; नाजूक नळीला त्याचा हात जपून लागावा हे खरे, पण घरी पोचण्यापुरते तरी तो जोडून देईल. कार्बनला टोकदार दगडाचा मार बसला तर वर साधा ओरखडा दिसतो आणि आत थर सुटलेले असू शकतात. दुरुस्ती होते, पण ती जाणत्याकडेच, आणि तो जाणता दुधनीत नाही. सीटचा बोल्ट किती आवळावा यालाही माप असते. ‘अजून एक आटा’ म्हणणारा आपला मिस्त्री प्रेमाने पाना फिरवील आणि नळी चरकेल.

शिवाय आमची माती! पहिल्या पावसानंतर काळ्या रानातल्या वाटेने सायकल नेऊन पाहा. चिखल टायर आणि सांगाडा यांमध्ये असा घट्ट बसतो की चाक फिरत नाही. फिरविले तर त्यातला खडा कानसीसारखा सांगाडा घासतो. म्हणून टायरच्या दोन्ही अंगांना बोटभर जागा आहे की नाही, हे रंगाआधी आणि कार्बनआधी पाहावे. टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास असावा. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस आणि आत चिकाचा द्रव उत्तम. मात्र आमच्या उन्हाळ्यात तो लवकर वाळतो, दोन-तीन महिन्यांनी पाहून भरावा. उताराला डिस्क ब्रेक हवेत, कारण भिजलेल्या रिमवर रबर उशिरा धरते. मागचा गिअर ज्या लहानशा तुकड्यावर टांगलेला असतो तो ‘हँगर’ जवळपास प्रत्येक सायकलीचा वेगळा, तो वाकतो. जादा एक पिशवीत असू द्यावा. आणि सायकल अंगाच्या मापाची असावी. भावाच्या मापाची किंवा सवलतीत उरलेली नको.

राहता राहिली किंमत. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने तुरीचा आधारभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरविला. अडीच लाख म्हणजे एकतीस क्विंटल तूर. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल पडली, तर सहा-सात एकरांचे सबंध पीक दुधनीच्या मार्केट यार्डात उतरवून जी रक्कम येईल, ती या सांगाड्यात जाणार, तीही हप्त्यांनी. पोरगा आपल्या कमाईचे घेतो आहे, हे मान्य. पण हप्त्यांवरची सायकल माणूस डोंगरात नेत नाही. ओरखडा पडेल म्हणून तो ती दिवाणखान्यात भिंतीला टेकवितो, रविवारी पुसतो आणि तिचे फोटो काढतो. जी वस्तू दगडाला भिते ती दगडांच्या वाटेसाठी घ्यावयाची, हा कुठला व्यवहार?

ज्याला हप्ता जाणवत नाही, ज्याच्या शहरात दुरुस्ती आहे, त्याने कार्बन खुशाल घ्यावा. त्याच्याशी माझा तंटा नाही. माझ्या पुतण्याला मात्र मी स्पष्ट लिहिले आहे: पोलादाची किंवा अॅल्युमिनियमची घे, लहान गिअरची घे, रुंद टायरची घे, ती निम्म्याहून कमी पैशांत येईल. उरलेल्या पैशांतून चार घाट पाहा. सुरुवात तुळजापूरच्या घाटाने कर, तो आपला आहे. आणि रंग? तो केशरी-जांभळाच घे. त्या रंगाचा सांगाडा पोलादात मिळत नसेल तर रंगवून घे. अण्णांची समजूत मी काढतो. कारहुणवीला बैलाच्या शिंगांना ते स्वतःच्या हाताने रंग लावतात. त्या हाताला केशरी रंगाचा विटाळ होण्याचे कारण मला दिसत नाही.