प्याला वेगळा, मग रक्त एक कशाला?

‘सगळी माणसं एकाच देवाची लेकरं, सगळ्यांचं रक्त लाल, मग जात नि वंश कशाला उकरून काढता?’ हे वाक्य मी सूतगिरणीत ऐकलंय, मोर्चात ऐकलंय, नाताळच्या सभेतही ऐकलंय. बोलणारा बहुतेक वेळा असा असतो, की ज्याचा प्याला कुणी कधी वेगळा ठेवलेला नाही. आज या वाक्याचे टाके उसवायचेत. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेत जाऊ. कारण तिथं हे वाक्य धर्मग्रंथातच होतं, आणि त्याच ग्रंथावर हात ठेवून माणसांची रंगावरून वाटणी झाली.

आधी ख्रिस्ती धर्माचं म्हणणं नीट ऐकू. पुरतं ऐकल्याशिवाय खोडू नये, ही बाबासाहेबांची रीत. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिमेचं घडवतो. तिथं गोरा-काळा नाही. नर आणि नारी, एवढंच. ब्राह्मण मुखातून नि शूद्र पायातून, असला कारभार तिथं नाही. पुढं पौल नावाचा प्रेषित अथेन्सच्या पंडितांपुढं उभा राहून सांगतो, की सगळ्या राष्ट्रांचं मूळ एक. त्याच्याच एका पत्रात यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद ख्रिस्तात मोडीत निघतात. म्हणजे माणसाची ओळख त्याच्या वंशावर नाही, देवाच्या प्रतिमेवर. मी बौद्ध आहे, देव मानत नाही. तरी या म्हणण्याला मी हलकं म्हणणार नाही. पण म्हणण्याची परीक्षा ग्रंथात होत नसते, पंगतीत होते.

१६५२ साली डच कंपनीची माणसं केपच्या किनाऱ्याला उतरली. मागून गुलाम आणले. त्यांत बंगाल, मलबार, कोरोमंडलहून जहाजात कोंबून नेलेली आपल्या मुलखातली माणसंही होती. मालक बायबल वाचणारे, डच रिफॉर्म्ड चर्चचे. पुढं गुलाम आणि तिथले मूळचे खोईखोई लोक बाप्तिस्मा घेऊन त्याच चर्चमध्ये आले, आणि प्रश्न उभा राहिला प्रभुभोजनाचा. प्रभुभोजन म्हणजे मंडळीनं एका भाकरीतला तुकडा नि द्राक्षारसाचा घोट वाटून घ्यायचा. एकाच प्याल्याला सगळ्यांचे ओठ. गोऱ्याच्या पोटात ढवळलं ते इथं.

१८२९ साली त्या चर्चच्या धर्मसभेनं ठणकावलं, की प्रभुभोजनात रंग बघायचा नाही, हे देववचनावर उभं असलेलं तत्त्व आहे. अठ्ठावीस वर्षांनी, १८५७ साली, धर्मसभेनं दुसरा ठराव केला. त्याचा मतलब असा: नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना आपल्यातच सामावून घेणं इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या दुबळेपणामुळं धर्मकार्यात अडथळा येत असेल, तर त्या लोकांनी आपले ख्रिस्ती हक्क वेगळ्या इमारतीत भोगावेत.

दोस्तांनो, या ठरावावर जरा थांबा. तत्त्व शाबूत, शास्त्र शाबूत, आणि माणूस दाराबाहेर! ‘काहींचा दुबळेपणा’ म्हणे. दुबळा कोण? जमीन ज्याची, बंदूक ज्याची, चर्चची किल्ली ज्याच्या कमरेला, तो दुबळा! आणि त्याच्या दुबळेपणाचा दंड भरायचा कुणी? तर ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्यानं. आपल्याकडं नाही का म्हणत, ‘आमचं काही नाही हो, पण गावाला चालत नाही.’ ‘आम्ही मानत नाही, पण घरात म्हातारी माणसं आहेत.’ तोच हा दुबळेपणा. जालीम माणूस कधी मी जालीम आहे म्हणत नाही. तो म्हणतो, मी जरा दुबळा आहे, सांभाळून घ्या.

आधी वेगळी इमारत झाली. मग १८८१ साली मिश्रवर्णी लोकांसाठी अख्खं वेगळं चर्च निघालं. मग वेगळा देश. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिचा पंतप्रधान डी. एफ. मलान हा त्याच डच चर्चचा एके काळचा पाद्री. १९४९ साली गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायद्यानं बंदी. १९५० साली प्रत्येक माणसाची वंशाप्रमाणं नोंद. नोंद करणारा कारकून संशय आला की माणसाच्या केसात पेन्सिल खुपसायचा. पेन्सिल पडली तर एक वंश, अडकली तर दुसरा! एकाच आईची लेकरं दोन वंशांत गेली. देवाची प्रतिमा पेन्सिलीवर टांगली.

आणि शास्त्र? ते मागून चालत आलं. १९७४ साली डच चर्चनं वंश, जमात आणि राष्ट्र या विषयावर अहवाल काढला. त्यात बाबेलचा बुरूज आला: देवानंच भाषा फोडल्या, देवानंच लोक पांगवले. त्यात पौलाचं तेच अथेन्सचं भाषणही आलं. त्या वचनाच्या पहिल्या अर्ध्यात सगळ्यांचं मूळ एक आहे, आणि दुसऱ्या अर्ध्यात देवानं राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या असं आहे. गोऱ्या पंडितांनी पहिल्या अर्ध्याला मान हलवली आणि दुसऱ्या अर्ध्याचं कुंपण घातलं. म्हणजे बघा, वंश रक्तात सापडलेला नाही. आधी प्याला वेगळा झाला, मग वस्ती वेगळी झाली, आणि सगळ्यात शेवटी त्याला वचन सापडलं.

हे मला पुस्तकाआधी गिरणीनं शिकवलं. जुन्या मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का? कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्यातून तोंडानं ओढावं लागे, आणि आपल्या ओठाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. जिथं पगार जास्त तिथंच नेमका विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं मांडला. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक होते, फक्त ओठ वेगळे होते. केपचा प्याला आणि मुंबईचा धोटा, दोन्हीकडं भानगड ओठाचीच.

म्हणून कुणी जात म्हणजे वंश असं म्हणेल, तर तेही चूक. १९३६ सालीच बाबासाहेबांनी सांगून ठेवलंय, की पंजाबचा ब्राह्मण नि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. जात ही वंशाची वाटणी नाही, एकाच वंशाच्या माणसांची वाटणी आहे. पेन्सिल खुपसायचीही गरज नाही. इथं आडनाव पुरतं.

मग ख्रिस्ती धर्म फेकून द्यायचा? सोपं उत्तर देऊ नका. ज्यांना वेगळ्या इमारतीत ढकललं, त्यांनीच ते बायबल परत उघडलं. १९८२ साली ओटावात जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चची परिषद भरली. दक्षिण आफ्रिकेच्या काळ्या प्रतिनिधींनी तिथं प्रभुभोजन घ्यायला नकार दिला: घरी जो प्याला देत नाहीत, तो इथं दिखाव्याला कशाला? परिषदेनं आपार्थाइडला पाखंड ठरवलं, गोऱ्या चर्चचं सभासदत्व रोखलं, आणि त्या मिश्रवर्णी चर्चचा ॲलन बोसाक अध्यक्ष निवडला. पाखंड! हा शब्द ओळखीचा आहे ना? भटांनी तो शेकडो वर्षं बुद्धाच्या माणसांवर फेकला. तिथं तो खालून वर फेकला गेला. त्याच साली त्याच चर्चनं बेल्हार इथं कबुलीजबाब लिहिला आणि १९८६ साली तो श्रद्धा म्हणून स्वीकारला. देव खास करून नाडलेल्यांचा आहे, हा त्याचा गाभा. सगळे देवाची लेकरं या गुळगुळीत बोलण्याला त्यांनी धार लावली.

तरी हिशेब मिटला नाही. १९९४ साली आपार्थाइड गेलं, काळी चर्चं एक झाली; पण त्यानंतर पंचवीस वर्षं उलटूनही गोरं चर्च त्यांच्यात आलेलं नव्हतं. आणि आपल्या देशात? तामिळनाडूत दलित ख्रिस्त्यांना वेगळी बाकं, मेल्यावर वेगळी कबरस्तानं. २०१६ साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या धोरणपत्रातच हा भेद कबूल केला.

दोस्तांनो, हे वाचून पाद्र्यांना हसू नका. आपल्यालाही एक वाक्य मिळालंय. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सगळी माणसं समान आहेत हे आपण म्हणतो. मग विहारात मातंग पोरगा आला की त्याला सतरंजीच्या कोणत्या कडेला बसवतो? लग्न जुळवताना जुनी पोटजात कोण विचारतं? ‘माझं काही नाही, पण पाहुण्यांना चालत नाही,’ हे कुणाच्या घरात बोललं जातं? १८५७ चा ठराव दर वेळी कागदावर लिहावा लागत नाही. तो माजघरात तोंडी पास होतो.

समतेचं वाक्य पाठ असणं ही समता नव्हे. केपच्या गोऱ्यालाही ते पाठ होतं. कुणी ‘सगळे एक’ म्हणाला की त्याच्याशी वाद घालू नका. त्याचा प्याला मागा. आपल्यातला कुणी म्हणाला, तर आधी आपला पुढं करा.

जय भीम!